ढोलाकडचं टोक

नाही, हँडल मी देणार नाही, महारुद्रभाऊ. मागूच नका. मी त्याच्यावरच बसलेय, यशू मांडीवर आत्ता कुठं झोपलीय, आणि झोपलेल्या लेकराला उठवून तिच्या आईच्या खालून लोखंड ओढून काढाल असे तुम्ही नाहीत — निदान मी तरी तसं समजून बसलेय. तुम्हीपण बसा ना, त्या दगडावर सावली आहे. विहिरीतले दगड ओढणाऱ्या यारीचं इंजिन हँडल मारल्याशिवाय चालू होत नाही, हे कळायला परभणीच्या पॉलिटेक्निकात शिकवावं लागत नाही, ते आमच्या सासूबाईंना, आत्याबाईंनापण माहितीय. म्हणून तर आधी तेच उचललं — तुम्ही तंबाखू मळत त्या बाभळीकडं गेलात तेव्हा. चोरी म्हणा. म्हणा, काही हरकत नाही. खाली विहिरीत पन्नास फुटांवर माझा नवरा उभा आहे, त्याच्या शेजारी तुमचा गडी बन्सीधर, आणि दोघांना वर यायला वाट एकच, तुमच्या यारीची ही तार. त्या तारेला मी आज माणूस लटकू देणार नाही. एवढंच. बाकी तुमच्याशी माझं काही भांडण नाही.

काय म्हणालात — एकदाच? एकदा दोघांना वर काढू, मग तार फेकू नाहीतर जाळू? भाऊ, या 'एकदाच'लाच मी भ्यायलेय. तुटणारी तार कितीदा तुटते? एकदाच. त्याच्या आधीच्या सगळ्या खेपांना ती धडधाकटच असते, आणि त्या सगळ्या खेपा बघून माणूस म्हणतो, एवढ्यांदा नाही तुटली, आता काय तुटायलीय. असं बघा, कुंपणाची तार तोडायचीय आणि जवळ पक्कड नाही, तर तुम्ही काय करता? इकडं वाकवता, तिकडं वाकवता, पुन्हा इकडं — जोर लागतो का काही? यशूच्या बापालापण जमतं ते, आणि त्यांच्या हातात खडूशिवाय काही टिकत नाही. मग तुमची ही तार दिवसभर काय करते? ज्या ढोलावर गुंडाळलीय त्या ढोलावरून सरळ येते, त्या वरच्या चाकावर वाकते, पुढं पुन्हा सरळ होते, आणि खाली दगडांनी भरलेली बकेट. सरळ, वाकडी, सरळ. दिवाळीपासून, आमच्या आधीच्या दोन विहिरी धरून. आणि चाक केवढं — जेवणाच्या ताटाएवढं. मोठं चाक होतं तुमच्याकडं, ते फुटलं म्हणून सेलूच्या भंगारातून हे आणलंत, तुम्हीच सांगितलंत आमच्या सासऱ्यांना, मामांना, हसत हसत, स्वस्तात पडलं म्हणून. चाक जेवढं लहान तेवढी तार जास्त वाकते. मी तेव्हा तिथंच होते. चहा गाळत होते. ऐकलं, आणि साखर टाकली.

आमच्या प्रयोगशाळेत हेच करणारं एक यंत्र आहे. सळई लावायची, ते तिला वाकवत फिरवत राहतं, आणि आपण समोर बसून ती कधी मरते त्याची वाट बघायची — एमईला दोन वर्षं मी दुसरं काही केलं नाही. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "म्हंजी तोडायचंच शिकायलीस व्हय? त्ये तर लेकरं बी करतेत." काचतंतूच्या, फायबरच्या म्हणा, पट्ट्यापण लावायचे मी, त्या टाक्या, नावा, असलं बनवतात ना, त्या. काचतंतूचं बरं असतं बघा, ते रडकं. पांढरं पडतं, रेघा उमटतात, कुरकुर करतं, मरायच्या चार दिवस आधीपासून घरभर सांगत सुटतं. माझ्यासारखं. पोलाद तसं नाही. लाखो फेरे मारून वरून जसंच्या तसं, चकचकीत. बोट फिरवा, काही लागत नाही. आणि तुम्ही चहाला उठलात की मागं टक्. तेवढाच आवाज. मग तुकडा उचलून त्याचं तुटलेलं तोंड बघायचं — निम्म्याहून जास्त जागा जुनीच चिरलेली असते, आतल्या आत, कधीपासून कुणास ठाऊक, आणि ती सळई शेवटी नखाएवढ्या उरलेल्या जागेवर उभी होती. उभी होती म्हणून आपण तिला चांगली म्हणत होतो.

मला काय दिसलं? सांगते. तुम्ही सकाळी तार पुसलीत, धूळ लय बसली म्हणून, जुन्या धोतराच्या चिंधीनं. मग हे आणि बन्सीधर बकेटीत बसले — झरा लागलाय, त्याचा फोटो काढायचाय, मामा तर पोखर्णीला पेढे आणायला निघून पण गेले — आणि तुम्ही तार सोडायला लागलात. मी भाकरीचं गठुडं सोडत होते. सहज वर बघितलं. तार चाकावरून उतरायली आणि तिच्यावर पांढऱ्या धाग्यांचा झुपका. हातभर पुढं अजून एक. मग जवळजवळ, जवळजवळ. कापूस उडून चिकटला असंल? मे महिन्यात कुठला कापूस उडायलाय भाऊ, पऱ्हाट्या कधीच्या चुलीत गेल्या. गुळगुळीत तारेला धागा अडकत नाही. धागा अडकतो कुसाला. ही काही एक तार नाही, बारीक तारांचा पीळ आहे, आणि त्यातली एखादी तुटली की तिचं टोक केसासारखं वर येतं. वरून तुम्ही काळं ऑइल फासता, त्यात ते दिसत नाही. चिंधीला दिसलं. आणि झुपके होते कुठं — बकेट बुडाला टेकल्यावर जो भाग बरोबर चाकावर येतो तिथं. म्हणजे दगड उचलताना पहिला हिसका जिथं बसतो तिथंच. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि खालून हे म्हणाले, "आलं, आलं, पाणी घोट्यापर्यंत आलंय." केवढ्या आनंदानं म्हणाले. मी तोंड मिटलं.

माहितीय मला तुमच्या मनात काय चाललंय. ही बाई भित्री आहे. गावात सगळ्यांना माहितीय. पोरगी झाल्यापासून मी रोज स्टुलावर चढून पंख्याचा बोल्ट बघते. पाळण्याची कडी बघते. गॅसची नळी वाकवून बघते, शाळेच्या गाडीचं दार बघते, त्या गाडीत आमचं कुणी जात नसताना. परवा बबितानं, आमच्या नणंदेनं, सगळ्यांसमोर सांगितलं, "वहिनीला पोळीवर बी तडाच दिसतो." हसले सगळे, मीपण हसले, चांगलं बोलते ती. आणि खरं सांगू, मलापण माझा भरवसा नाही. रात्रंदिवस ओरडणाऱ्या कुत्र्याला चोर दिसला तरी कोण उठणार — कुत्रंसुद्धा म्हणत असेल, आपल्याला सवयच आहे. आत्तापण एक मन म्हणायलंय, उठ, हँडल दे, पाच मिनिटांत नवरा वर येईल, भाकरी खाईल, तू उगाच तमाशा केलास. तसंच होईल बहुतेक. बहुतेक. पण त्या 'बहुतेक'मध्ये दोन माणसं बसवायचीत ना, भाऊ.

हं.

आलात तिथं. मला वाटलंच होतं कधीतरी म्हणाल. "तुम्हीच तर तपासली, वहिनी." हो. मीच तपासली. गेल्या महिन्यात, तुकडा नेऊन, यंत्रात लावून. पीळ यंत्राच्या जबड्यात घसरतो म्हणून त्याची दोन्ही टोकं राळेत बसवली, ती घट्ट होईपर्यंत थांबले, मग ताण चढवत नेला, चढवत नेला, आणि तुमच्या तारेनं एवढा भार घेतला की आमचा लॅबवाला पंडित म्हणाला, "म्याडम, ह्येला ट्रॅक्टर बांधा." नव्या तारेला जेवढा पाहिजे तेवढा घेतला. घेणारच. तुम्ही मला तुकडा दिलात तो कुठला दिलात, आठवा बरं. ढोलाकडचा. ढोलावरचे शेवटचे वेढे — ते कधी सुटत नाहीत, कधी चाकावर येत नाहीत, त्यांनी जन्मात एक दगड उचलला नाही. नव्या नवरीसारखे बसून आहेत तिथं. तुमची काही चूक नाही. मधला तुकडा कापला तर तारेचे दोन भाग होतात, तो कोण देईल? शेपटाचा कापला, लगेच हातावर ठेवला. विचारायचं मी होतं. एक प्रश्न होता — भाऊ, हा कुठला तुकडा? पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या तासाला हेच शिकवतो आम्ही, नमुना कुठून घेतला ते आधी विचारा, मग यंत्राला हात लावा. मी विचारलं नाही.

का नाही विचारलं... ते सोडा. नाही, सांगते, आता काय लपवायचं. मामांनी विचारलं होतं म्हणून. भगवानराव. सासरे माझे, पण लग्नाला चार वर्षं झाली, माझ्या शिकण्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. वाईट नाहीत. फक्त त्यांना वाटायचं, सून शिकलीय म्हणजे चांगल्या घरातून आलीय, तेवढंच. आणि त्या दिवशी तुम्ही इंजिनावर नारळ फोडलात, मामांनी वंदना म्हटली, आणि मग चार माणसांत माझ्याकडं वळून म्हणाले, "संघप्रिया, तार तपासून दे बरं, तुझ्या मशिनीवर." मला रडूच आलं असतं. मी तुकडा पिशवीत घातला तो लेकरू पाळण्यात घालावं तसा. मग निकाल आला त्या दिवशी जेवताना सांगितलं, दोन माणसं काय, दहा बसवा. दहा म्हणाले मी. कुणी विचारलं नव्हतं दहाचं. मामा दुसऱ्या दिवशी पारावर, "आमच्या सुनंनं सांगितलं म्हंजी झालं, हत्ती लटकवा." आणि तोपर्यंत तुमची माणसं दोराच्या शिडीनं उतरायची, आठवतंय? बकेट फक्त दगडाला. मामांनी शिडी देऊन टाकली योगीराजच्या विहिरीला, आता कशाला लागती म्हणून. तिथून ती पाथरीकडं कुणाकडं गेलीय म्हणे, सकाळपासून फोन लावायलेय, उचलत नाही. त्या दिवसापासून बन्सीधर रोज या तारेनं जातो-येतो. रोज, भाऊ. मी भाकरी घेऊन यायचे, त्याला वर येताना बघायचे, आणि मला अभिमान वाटायचा. तेव्हा कुठं गेली होती माझी भीती? पंख्याच्या बोल्टाला भ्याले, पाळण्याच्या कडीला भ्याले, जिथं भ्यायला पाहिजे तिथंच नाही भ्याले, कारण तिथं माझं कौतुक चालू होतं. आणि आज चिंधीचे धागे कधी दिसले — नवरा बसल्यावर. बन्सीधरला दोन पोरं आहेत. त्याच्यासाठी नव्हते दिसले.

नका बोलू काही. बरं वाटावं असं तर नकाच बोलू.

ऐका. तार उलटी करायची. मी बसल्या बसल्या विचार केलाय. खाली त्यांनी बकेटीचा हूक सोडायचा, तुम्ही रिकामी तार वर ओढून घ्यायची, सगळी ढोलावरून उतरवायची, आणि ढोलाकडचं टोक बकेटीकडं घ्यायचं. झिजलेला भाग ढोलावर जाऊन पडेल, पन्नास फुटांना तो लागणारच नाही. ते टोक चांगलं आहे. या सगळ्यात मला खरोखर माहिती असलेली एकच गोष्ट आहे, ते टोक चांगलं आहे, तेवढंच मी तपासलंय. तरीपण आधी इथं काठावर, जमिनीवर, दोन माणसांपेक्षा जड दगड बांधून उचलून बघू, मग माणसं. तास लागेल, दोन लागतील. लागू द्या. खाली सावली आहे, पाणी घोट्याला आहे, विहिरीत बसून आजवर कुणाला ऊन लागलेलं नाही. तुम्हाला वाटेल बाईनं काम सांगितलं. तसं वाटून घ्या, पण करा.

त्यांना? त्यांना सांगितलंय ना, ऐकलंत की तुम्ही — इंजिन तापलंय, जरा थांबा. हो, खोटं. तुम्ही मिशीत हसलात, तेही बघितलं मी. काय सांगणार होते? वरून ओरडून सांगू की अहो, तुमच्या बायकोनं चुकीचं टोक तपासलं? बन्सीधर ऐकणार, संध्याकाळी गाव ऐकणार, मामा पेढ्यांचा पुडा घेऊन येतील आणि ऐकतील. पुढच्या महिन्यात मला कामावर परत जायचंय, यशूला आत्याबाई सांभाळणार आहेत, ते कबूल केलं ना त्यांनी, ते त्या तारेच्या तपासणीनंतर. त्याआधी नाहीच म्हणत होत्या. आता कुणी म्हणेल, असली तपासणी करायला लेकरू टाकून जायचं का? म्हणून म्हटलं, आधी तार उलटी होऊ द्या, वर आले की सावकाश सांगू. किंवा नाहीच सांगू. तुम्ही कुठं सांगणार होतात, नाही का? तुम्हालाही दुसऱ्या विहिरींची कामं...

थांबा.

तार हलली. बघा, बघा, चाकाजवळ. दोन झटके. दोन झटके म्हणजे काय तुमच्यात — वर घ्या? बकेटीत बसले की काय ते? कंटाळले. बसले बकेटीत. वरून कुणी घेत नाही म्हणून आता तारेला धरून हिसके द्यायलेत, आणि द्यायलेत कुठं, तो झुपका चाकावरच आहे ना आत्ता — नका उठू. हात मागं. हे घ्या, यशूला धरा. दोन्ही हातांनी, मानेखाली हात घाला, असं. तुमची पण पोरं आहेत, येतं तुम्हाला. धरा आणि हलू नका.

अहो. अहो, ऐकू येतंय का? झटके देऊ नका. तार सोडा. सोडा तार, बकेटीतून उतरा दोघंही. नाही, इंजिन तापलेलं नाही. मी खोटं बोलले. तार खराब झालीय. खराब. चाकावरचा भाग तुटायलाय. काय? हो, मी तपासली होती — मी ढोलाकडचं टोक तपासलं, न वापरलेलं, ते चांगलं होतं, हे नाही. माझी चूक आहे. महारुद्रभाऊंची नाही, माझी. बन्सीधरभाऊ, तुम्हालाही सांगायलेय, तुम्ही रोज बसत होता त्याच्यात. हूक काढा बकेटीचा आणि भिंतीला टेकून उभे राहा, चाकाच्या खाली उभे राहू नका. वरून काही पडलं तर... उभे राहा फक्त.

दिसायलेत मला, दोन डोकी दिसायलीत, वर बघायलेत. हे वर बघायलेत माझ्याकडं.

निघाला म्हणतात. हूक निघाला. भिंतीला गेले दोघं. तेवढंच बोलले.

द्या पोरगी इकडं. उठली का? नाही उठली, तुमच्या हातात बरी झोपली. हे घ्या हँडल. रिकामी तार घ्या वर, सावकाश, आणि तो झुपक्यांचा भाग नंतर कापून मला द्या, आता तार उलटीच होणारय, दोन भाग झाले तर झाले. मी परभणीला नेते, त्याच यंत्रात, तशीच राळ लावून. आणि त्यानंही ढोलाकडच्या एवढाच भार घेतला, तर पोखर्णीपासून पाथरीपर्यंत सांगत जा, मास्तरची बायको सावलीला भिते. मी स्वतः सांगेन पारावर उभी राहून. मला तेच निघायला पाहिजे, भाऊ. कारण तार खरंच कमजोर निघाली तर मला रोज बन्सीधरच्या बायकोसमोरून जावं लागेल, दळणाला.

जा आता. माझ्याकडं काय बघता, तारेकडं बघा.